जुन्या लष्करी रायफलीचे संग्रहमूल्य कसे जोखावे

सैन्यातून बाद झालेली जुनी रायफल समोर आली की नवख्या माणसाची नजर तिच्या चकाकीवर खिळते आणि मोल ठरवण्यातली पहिली चूक तिथेच होते. जाणकार संग्राहक रायफल किती सुंदर दिसते यापेक्षा ती सैन्याच्या हातून सुटली त्या अवस्थेत आज कितपत उरली आहे, याचे पैसे मोजतो. अर्थात तपासणी सुरू करण्यापूर्वी मॅगझिन (काडतुसांचा कप्पा) आणि चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसण्याची जागा) रिकामे असल्याची स्वतः खात्री करून घ्यावी आणि असे शस्त्र बाळगण्याविषयीचा स्थानिक कायदाही आधीच पाहून ठेवावा.

प्रथम कारखाना आणि वर्ष ओळखावे. जर्मन कार-98के रायफलीच्या रिसीव्हरवर (नळी आणि बोल्ट ज्यात बसतात त्या मधल्या धातूच्या भागावर) सहसा कारखान्याचे नाव नसून सांकेतिक अक्षरे किंवा आकडे असतात; ‘बीवायएफ’ म्हणजे ओबर्नडॉर्फचा माउझर कारखाना, तर ‘बीएनझेड’ म्हणजे स्टायर. रशियन मोसिन-नागां रायफलीवर तारा दिसला तर ती रशियातल्या ‘तुला’ शहरातील कारखान्याची आणि त्रिकोणातला बाण दिसला तर इझेव्हस्कची समजावी. मोसिनचे 1891/30 हे मॉडेल लाखोंच्या संख्येने बनले, त्यामुळे निव्वळ मॉडेलच्या नावाला फारशी किंमत नाही. मात्र त्याच रायफलीवर चौकटीत ‘एसए’ हा फिनलंडच्या सैन्याचा ठसा असेल, तर तिच्याकडे पाहणारा ग्राहकवर्गच बदलतो.

यानंतरचे काम सर्वांत वेळखाऊ आहे, आणि ते घाईने उरकू नये. रिसीव्हरवरचा अनुक्रमांक बोल्ट (काडतूस चेंबरमध्ये ढकलणारा सरकता दांडा), मॅगझिनचे बूड आणि क्रमांक घातलेल्या इतर सुट्या भागांशी जुळतो का, हे एकेक करून पाहावे. जुळणारे क्रमांक दिसले तरी लगेच हुरळून जाऊ नये, कारण दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत शस्त्रागारांनी असंख्य रायफली खोलून, भागांची सरमिसळ करून पुन्हा जोडल्या आणि जुना क्रमांक खोडून किंवा घासून नवा घातला. हा फरक ओळखण्यासाठी प्रकाश तिरपा पाडून भिंगातून अंक पाहावेत. मूळ अंकाच्या खाचेत आजूबाजूच्या पृष्ठभागाइतकेच जुने ब्लूइंग (गंज रोखणारा निळसर-काळा थर) असते. नंतर ठोकलेला अंक ते ब्लूइंग फोडून आत गेलेला असतो आणि त्याच्या तळाशी धातू उघडा दिसतो. विजेच्या लेखणीने कोरलेले अंक तर बारीक, थरथरत्या रेघेमुळे चटकन कळतात. रिसीव्हरवरचा ‘4’ आणि बोल्टवरचा ‘4’ एकाच वळणाचे आहेत का, हेही पाहावे. अमेरिकन एम-1 गॅरंड रायफलीला मात्र ही कसोटी लागू पडत नाही. तिच्या सुट्या भागांवर रायफलीचा अनुक्रमांक नसून आराखड्याचे क्रमांक असतात, म्हणून ते भाग त्या काळात शोभणारे आहेत का, एवढेच तपासता येते.

लाकूड आणि धातू यांच्या सांध्यावरून बोट फिरवून पाहावे. मूळ दस्त्याचे लाकूड सहसा धातूच्या पातळीला किंवा किंचित वर असते. ते खाली गेलेले जाणवले आणि दस्त्यावरचे शिक्के पुसट झालेले दिसले, तर कोणीतरी सँडपेपर चालवला आहे असे समजावे. स्क्रूच्या भोकांच्या कडा बशीसारख्या खोलगट झालेल्या असणे हे बफिंग करून (यंत्राने घासून चकाकी आणून) पुन्हा ब्लूइंग केल्याचे लक्षण आहे. याउलट युद्धाच्या अखेरीस घाईने बनवलेल्या रायफलींवरच्या यंत्राच्या ओबडधोबड खुणा हा दोष नव्हे. त्या रायफली तशाच कारखान्यातून निघाल्या होत्या. जपानी अरिसाका रायफलीवरचे शेवंतीचे राजचिन्ह 1945 च्या शरणागतीच्या वेळी बहुतांशी घासून टाकले गेले. ते शाबूत असल्यास भाव चढतो, परंतु घासलेले असणे हाही त्या रायफलीच्या इतिहासाचाच भाग आहे. शिकारीसाठी दस्ता कापलेली रायफल मात्र वेगळी: नवा दस्ता बसवता येतो, गेलेले मूळपण परत येत नाही.

नळीत प्रकाश टाकून रायफलिंगच्या (नळीच्या आतल्या पिळदार खाचांच्या) कडा आणि गंजाचे खड्डे पाहावेत. जुन्या काडतुसांच्या प्रायमरमधील (दारू पेटवणाऱ्या टोपीतील) क्षारांमुळे हे खड्डे पडत, त्यामुळे दुर्मीळ नगाच्या बाबतीत त्यांचा बाऊ करण्याचे कारण नाही.

स्नायपर म्हणून विकल्या जाणाऱ्या रायफलीबाबत कमालीचा संशय बाळगावा, कारण साध्या रायफलीवर दुर्बीण चढवून मोठा नफा मिळवता येतो. ब्रिटिश नंबर 4 (टी) या स्नायपर रायफलीमध्ये दुर्बिणीचा क्रमांक दस्त्याच्या मानेवर (ट्रिगरमागच्या निमुळत्या भागावर) आणि रायफलीचा क्रमांक दुर्बिणीच्या ब्रॅकेटवर ठोकलेला असे. दोन्ही जुळले तरच पुढची बोलणी करावीत. ‘आजोबांनी रणांगणावरून आणली’ अशी कहाणी ऐकायला छान असते, पण अनुक्रमांक लिहिलेला कागद सोबत नसेल तर तिचे पैसे देऊ नयेत.

किंमत ठरवताना विक्रेत्यांनी मागितलेल्या रकमा बाजूला ठेवून, त्याच कारखान्याच्या आणि तशाच अवस्थेतील रायफली लिलावात प्रत्यक्ष कितीला गेल्या ते पाहावे. आणि विकण्यापूर्वी ‘जरा स्वच्छ करू’ हा मोह आवरावा. धातूवर तेलाचा पातळ हात पुरेसा आहे, लाकडाला काहीही लावू नये.