पुण्याच्या पावसाळ्यात देलाहाय १३५ कन्व्हर्टिबल कशी सांभाळायची

देलाहाय ही जुनी फ्रेंच मोटार कंपनी नुसती चासी आणि इंजिन द्यायची, बॉडी शापरों किंवा साउचिकसारखे कारागीर हाताने घडवायचे, १९५४ ला देलाहायच्या गाड्या बनणं संपलं, त्यामुळे अशी गाडी कुणाकडे असेल तर जून लागायच्या आधीच तयारीला लागा.

सगळ्यात आधी लाकूड बघा. बाहेरून पत्रा दिसतो पण आतली फ्रेम लाकडाची असते, आणि आपल्याकडे ओल आणि वाळवी दोन्ही आहेत. दार उघडून हळूच वर उचलून बघा, बिजागरीपाशी खेळत असेल तर आतलं लाकूड गेलेलं असू शकतं, मग डेंटरच्या आधी चांगला सुतार गाठा, नाहीतर वरून कितीही पॉलिश मारा काय उपयोग!

टप म्हणजे वरचं दुमडतं कापडी छप्पर, ते ओलं असताना कधीच दुमडू नका, पूर्ण सुकवा आणि गाडी उभी ठेवायची तर टप वर लावूनच ठेवा. प्लास्टिकचं कव्हर अजिबात नको, आत घाम धरतो, सुती घ्या.

कोटाल गिअरबॉक्स असेल तर बॅटरी चार्ज ठेवा, गिअर विजेच्या चुंबकांवर पडतात, करंट कमी पडला की गिअर नीट धरत नाही.

आणि पंपावरच्या पेट्रोलमध्ये हल्ली २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते पाणी ओढतं आणि जुनं रबर खातं, म्हणून पाइप नवीन टाका, गाडी उभी करताना कार्बोरेटर रिकामे करा.