चावी काढली तरी इंजिन चालूच: मर्सिडीज २४० डी (डब्ल्यू १२३), १९८२

जर्मनीत घेतलेली जुनी डिझेल. चावी फिरवून हातात घेतली तरी इंजिन दहा-पंधरा सेकंद धडधडत राहायचं, कधी बंदच व्हायचं नाही. मग बॉनेट उघडून इंजिनवरचा ‘स्टॉप’ लिव्हर दाबायचा.

इग्निशन स्विच बदलला, इंजेक्शन पंपावरचं शट-ऑफ युनिटही (डिझेल तोडून इंजिन बंद करणारा भाग) नवं टाकलं. फरक शून्य. पार्किंगमध्ये लोक बघत राहायचे, ते वेगळंच.

या गाडीत इंजिनला जाणारं डिझेल बंद होतं ते व्हॅक्यूमने, म्हणजे नळीतून हवा ओढून, आणि सेंट्रल लॉकिंगही त्याच व्हॅक्यूम पंपावर. म्हणून गळती भलतीकडेच निघू शकते.

आधी हवा ओढणारा, काट्याचा हातपंप थेट शट-ऑफ युनिटला लावला. इंजिन लगेच बंद, म्हणजे युनिट ठीक. मग लॉकिंगकडे जाणारी पिवळी नळी काढून तोंड बुचाने बंद केलं, इंजिन सुरू केलं, चावी फिरवली. पटकन बंद! चोर लॉकिंगमध्येच. मग एकेका दरवाजाची नळी सुटी करून हातपंपाने ओढून पाहिली. तीन दरवाजांत काटा जागेवर राहिला, मागच्या डाव्या दरवाजात सरळ शून्यावर. आतलं पॅनेल काढून अ‍ॅक्च्युएटर (व्हॅक्यूमवर लॉक हलवणारा भाग) पाहिला तर रबरी पडदा फाटलेला. चाळीस वर्षांचं रबर, दुसरं काय होणार! नवा बसवताना नळ्यांच्या रंगाचा आधी फोटो काढा, उलट लागल्या तर लॉक उलटं चालतं. पेट्रोलच्या, चुकलो, डिझेलच्या झाकणाचं लॉकही तपासा, तेही याच यंत्रणेवर आहे.

अशी गाडी विकत घेताना इंजिन बंद करून लॉक चार-पाचदा चालवून बघा. दुसऱ्यांदाच दम तोडला तर भाव पाडून मागा.