आधी बूट ठरवा, मग बर्फाचं सामान

लांबच्या ट्रेकची यादी करायला बसलात की पहिली ओळ बुटांची लिहा आणि ती पक्की होईपर्यंत बर्फाचं काहीही विकत घेऊ नका. बुटाचा सोल किती कडक आहे, यावर पुढचं बरंच सामान अवलंबून असतं.

वाटेत बर्फाचे थोडेच टप्पे असतील तर हलके ट्रेल रनिंग शूज पुरतात. ते पटकन भिजतात, पण वाळतातही पटकन. साधारण 500 ते 800 किलोमीटरमध्ये ते झिजतात, तेव्हा पुढचा जोड कुठे मिळेल ते निघण्याआधीच बघून ठेवा. सलग बर्फात आणि कडाक्याच्या थंडीत मात्र उंच, वॉटरप्रूफ बूटच हवेत. त्यांत वरून पाणी शिरलं तर लवकर वाळत नाही, म्हणून सोबत गेटर (बुटाच्या तोंडावरून पोटरीपर्यंत चढवायचं आवरण) घ्याच.

बूट संध्याकाळी घालून बघा, तेही ट्रेकला नेणार तेच मोजे चढवून. दिवसभराच्या चालण्याने पाय सुजतो, त्यामुळे अर्धा ते एक नंबर मोठा घ्यावा. उतारावर उभं राहा; बोटं पुढे टेकत असतील तर तो बूट नकोच. थंडी वाजेल म्हणून घट्ट बुटात मोज्यांवर मोजे कोंबणं तर फार वाईट. रक्त नीट फिरत नाही आणि बोटं उलट जास्त गारठतात. मोजे लोकरीचे किंवा सिंथेटिक घ्या, सुती नकोत. एक जोड फक्त झोपताना घालायचा, तो कोरडाच राहिला पाहिजे.

आता पकड. मळलेल्या, कमी चढाच्या कडक बर्फावर मायक्रोस्पाइक्स (बुटावर ताणून बसवायच्या, छोट्या खिळ्यांच्या साखळ्या) पुरतात आणि ते मऊ सोलवरही बसतात. तीव्र उतारासाठी क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायची लांब दात्यांची धातूची चौकट) आणि आइस ॲक्स (बर्फात रोवायची कुऱ्हाड) हवी. मात्र मऊ बुटावर कडक क्रॅम्पॉन बांधू नका. सोल वाकतो आणि क्रॅम्पॉन निसटतो. घसरताना आइस ॲक्सने स्वतःला थांबवायचा सराव जाणकाराकडून, सुरक्षित उतारावर करून घ्या. सराव नसेल तर तो उतार टाळून दुसऱ्या वाटेने जा, हे मी अगदी कळकळीने सांगतोय. भुसभुशीत, खोल बर्फ असेल तर स्नोशूज (पाय रुतू नये म्हणून बुटाखाली बांधायचे रुंद तळवे) लागतील. वसंतातला बर्फ पहाटे कडक असतो आणि दुपारी त्यात पाय मांडीपर्यंत रुततो, त्यामुळे अंधार असतानाच निघायचं आणि त्यासाठी हेडलँपही यादीत हवा.

ताजा बर्फ 80 टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं परावर्तित करतो. बाजूनेही झाकणारा गडद गॉगल घ्या, ढगाळ दिवशीसुद्धा घाला. डोळे काही तासांनी दुखायला लागतात, तोवर इजा झालेली असते. सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकाच्या खालच्या बाजूलाही लावा.

ओले बूट रात्री गोठतात. लेस पूर्ण सैल करून ते पिशवीत घाला आणि स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी ठेवा.

निघण्याआधी जाड हातमोजे घालून क्रॅम्पॉनचे पट्टे बांधून-सोडून बघा. घरी जमत नसेल तर पट्टे किंवा हातमोजे बदलून घ्या.