पाठीतल्या नळीतून मॉर्फिन चालू असेल तर रात्री सोबत बसणाऱ्यानं काय करायचं
आबांचं पोटाचं ऑपरेशन जळगावला झालं तेव्हा पाठीत बारीक नळी ठेवलेली, त्यातून मॉर्फिन. दुखणं मस्त दबतं, पण खरी ड्युटी सोबतवाल्याची असते भाऊ. याचा असर 24 तासांपर्यंत राहू शकतो आणि श्वास उशिराही मंदावतो, म्हणून पेशंट गाढ झोपला की खुश होऊ नका, छातीकडे बघत पूर्ण मिनिटभर श्वास मोजा, 10 च्या खाली गेले किंवा हाक मारून उठेना तर लगेच सिस्टरला बोलवा, उतारा म्हणून नॅलोक्सोन असतं. घरची झोपेची गोळी अजिबात नको. नाक खाजणं, मळमळ, लघवी अडणं कॉमन आहे, फक्त सांगा. पाय हलेनासे झाले तर मात्र थांबू नका. आणि नळी जपा, आमची आत्या तर चादर झटकायला निघालेली!