घरच्या वायफायवर तिकिटाची साइट अडते तेव्हा

सकाळी १० ला एसीचं तत्काळ सुरू होतं, ११ ला बिगर-एसीचं, आणि नेमकं तेव्हाच पान नुसतं फिरत राहतं किंवा ‘ॲक्सेस डिनाइड’ येतं. ॲप काढून पुन्हा टाकत बसू नका. आधी वायफाय बंद करून मोबाइल डेटावर तीच साइट उघडा. झटकन उघडली, तर घोळ बहुधा ब्रॉडबँडच्या बाजूला आहे.

बऱ्याचदा कारण असतं सीजीनॅट. इंटरनेटवर प्रत्येक जोडणी ओळखणारे जुन्या पद्धतीचे आकडी पत्ते, म्हणजे आयपीव्ही४ पत्ते, पुरत नाहीत, म्हणून इंटरनेट कंपन्या अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. त्यातल्या कुणी बुकिंगचं सॉफ्टवेअर लावून साइटवर मारा केला, की साइट तो पत्ताच अडवू शकते आणि काही न करता तुम्हीही बाहेर! राउटरच्या सेटिंगमध्ये वॅन आयपी, म्हणजे कंपनीने राउटरला दिलेला पत्ता, बघा. सुरुवात १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात.

घरच्यासाठी तेवढ्यापुरता फोनचा हॉटस्पॉट पुरतो. ट्रॅव्हल एजन्सी असेल तर मात्र स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा स्वतःचा पत्ता, घ्याच. एजंटांच्या कित्येक बुकिंग प्रणाली नोंदवलेल्या आयपीवरूनच चालतात.

‘साइट सापडत नाही’ असं येत असेल तर राउटरमध्ये डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) बदलून ८.८.८.८ किंवा १.१.१.१ टाका. दुसऱ्याच पत्त्यावरून साइट उघडून देणाऱ्या व्हीपीएनच्या नादी लागू नका, तिकिटांच्या अनेक साइट ते पत्ते आधीच अडवतात. आणि पैसे भरताना मध्येच वायफायवरून डेटावर उडी मारू नका, सेशन, म्हणजे साइटशी चालू असलेलं लॉगिन, तुटू शकतं.