ईमॅक्समध्ये एसक्यूएलचे कीवर्ड कॅपिटल केले

एसक्यूएल म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा. जुन्या क्वेरींमध्ये सिलेक्ट, व्हेअर असे तिचे ठरावीक शब्द (कीवर्ड) सगळे स्मॉलमध्ये. टीमला कॅपिटल हवं होतं. ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरमध्ये ऑल्ट-यू कर्सरपासून पुढचाच शब्द कॅपिटल करतो. शब्द नुकताच टाइप केला असेल तर आधी ऑल्ट-वजा, मग ऑल्ट-यू: मागचा शब्द कॅपिटल, कर्सर जागच्या जागी. हे मला फार आवडतं.

निवडलेल्या मजकुरासाठी कंट्रोल-एक्स, कंट्रोल-यू आहे, पण ती कमांड मुळात बंद असते. पहिल्यांदा दाबलं की ईमॅक्स अडवून विचारतो. वाय दाबून कायमची सुरू केली. नंतर ऑल्ट-यूलाच अपकेस-ड्विम ही कमांड जोडली (ईमॅक्स 26.1 पासून आहे): सिलेक्शन असेल तर तेवढं, नाहीतर शब्द.

मराठी कॉमेंट मध्ये आल्या तरी बिघडत नाही, देवनागरीत स्मॉल-कॅपिटल ही भानगडच नाही. अवतरणचिन्हांतला डेटा मात्र सिलेक्शनमधून वगळा.