घरबसल्या इंग्रजीची परीक्षा: अर्जापासून निकालापर्यंत

परदेशी विद्यापीठात प्रवेश घेण्यासाठी लागणारी इंग्रजीची परीक्षा आता ठाण्यातल्या किंवा नेरुळमधल्या आपल्याच खोलीत बसून देता येते. मात्र केंद्रावर खोली, शांतता आणि वीज यांची काळजी दुसरे कोणी घेते, तर घरी ती सगळी जबाबदारी परीक्षार्थीवरच येते. इंग्रजी उत्तम असूनही केवळ खोलीचे नियम मोडल्यामुळे परीक्षा रद्द होऊ शकते.

सर्वप्रथम परीक्षा निवडावी. घरून देता येणाऱ्या परीक्षांपैकी दोन अधिक परिचित आहेत. ड्युओलिंगो इंग्लिश टेस्ट सुमारे तासाभराची असून तिचे गुण १० ते १६० या पट्टीवर मिळतात. टोफेलची होम एडिशन २०२० मध्ये करोनाच्या काळात सुरू झाली आणि जानेवारी २०२६ पासून टोफेलचे गुण १ ते ६ या नव्या पट्टीवर दिले जातात. यांपैकी कोणती परीक्षा चालेल आणि किती गुण लागतील, हे विद्यापीठाच्याच नव्हे तर त्या विशिष्ट विभागाच्या संकेतस्थळावर पाहावे. व्हिसाचा प्रश्न वेगळा असतो: ऑस्ट्रेलिया व्हिसासाठी घरून दिलेली परीक्षा मान्य करत नाही, आणि ब्रिटनच्या व्हिसासाठी जिथे मान्यताप्राप्त सुरक्षित परीक्षेची अट असते, तिथे केंद्रावरच जावे लागते. हे न पाहता शुल्क भरले, तर केंद्रावर जाऊन पुन्हा परीक्षा द्यावी लागू शकते.

नोंदणी करताना नाव पासपोर्टप्रमाणेच लिहावे. आपल्याकडे ही साधी वाटणारी गोष्ट बरीच गुंतागुंतीची आहे, कारण दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते, मग स्वतःचे आणि त्यानंतर वडिलांचे नाव, तर पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा असून वडिलांचे नाव बहुधा स्वतःच्या नावाला जोडलेले असते. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींच्या बाबतीत दोन कागदांवर दोन आडनावेही आढळतात. म्हणून पासपोर्ट समोर ठेवून एकेक अक्षर जुळवावे. त्याची मुदत संपत आली असेल, तर परीक्षेची तारीख घेण्यापूर्वीच वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ घेणे सोयीचे ठरेल.

यानंतर खोली पाहावी. परीक्षेदरम्यान खोलीत दुसरे कोणीही नसावे, आणि वन रूम किचनमध्ये राहणाऱ्या कुटुंबासाठी ही सर्वांत अवघड अट असते. अशा वेळी संकोच न करता नातेवाइकांची किंवा मित्राची रिकामी खोली तासा-दोन तासांसाठी मागून घ्यावी. पलंगावर किंवा सोफ्यावर बसून टोफेल देता येत नाही. साधी खुर्ची आणि मोकळे टेबल लागते. इअरफोन दोन्ही परीक्षांत चालत नाहीत आणि कान झाकलेले नसावेत. टोफेलमध्ये टिपणे घेण्यासाठी छोटा व्हाइटबोर्ड किंवा पारदर्शक प्लास्टिकच्या कव्हरमध्ये ठेवलेला कागद वापरता येतो, तर ड्युओलिंगोमध्ये टिपणांना परवानगीच नाही.

वेळ निवडताना आपल्या इमारतीचे वेळापत्रक आठवावे. दूधवाला, कुरियर, सुरक्षारक्षकाचा इंटरकॉम आणि शेजारच्या कुकरची शिट्टी यांचा एक ठरलेला क्रम असतो. गणेशोत्सव, दहीहंडी आणि लग्नसराईचे दिवस टाळावेत. एरवी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिक्षेपकांवर बंदी असल्याने पहाटेची वेळ त्यातल्या त्यात शांत असते, आणि ड्युओलिंगो तर कोणत्याही वेळी सुरू करता येते.

महावितरणने देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याची सूचना दिली आहे का, हे आदल्या दिवशी पाहावे. लॅपटॉप पूर्ण चार्ज असावा आणि राउटरला छोटा यूपीएस जोडावा. पर्याय म्हणून मोबाइलचा हॉटस्पॉट ठेवायचा असेल, तर तो घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी फोनचा असावा, कारण ड्युओलिंगोमध्ये आपला फोन दुसरा कॅमेरा म्हणून बाजूला ठेवावा लागतो आणि त्यावर फोन आलेला चालणार नाही.

परीक्षेला बसल्यावर नजर पडद्यावर ठेवावी. आठवताना छताकडे पाहण्याची सवय आपल्यापैकी अनेकांना असते. कॅमेऱ्याला मात्र ते कोणाकडून तरी उत्तर मिळवल्यासारखे दिसते. ही सवय मोडण्यासाठी ड्युओलिंगोची मोफत सराव चाचणी त्याच टेबलावर, त्याच प्रकाशात आणि दार बंद करून द्यावी. टोफेलमध्ये पर्यवेक्षक कॅमेऱ्यातून संपूर्ण खोली दाखवायला सांगतात. त्यासाठी लॅपटॉप फिरवण्याइतकी चार्जरची वायर सैल ठेवावी.

ड्युओलिंगोचा निकाल साधारणपणे दोन दिवसांत मिळतो आणि तो कितीही विद्यापीठांना विनाशुल्क पाठवता येतो. टोफेलच्या शुल्कात चार संस्थांना गुण पाठवण्याची सोय असते, पण त्यांची निवड परीक्षेपूर्वीच करावी लागते. दोन्ही निकाल दोन वर्षे ग्राह्य असतात. तांत्रिक कारणाने परीक्षा पुन्हा द्यावी लागण्याची शक्यता धरून विद्यापीठाच्या अंतिम तारखेच्या किमान तीन आठवडे आधीची तारीख घ्यावी, आणि गुण पोहोचल्याची नोंद प्रवेशअर्जाच्या खात्यात दिसते की नाही, हे स्वतः तपासावे.